प्रत उपलब्ध आहे का? वाचकांचे प्रश्न आणि एका लहान प्रकाशनाची उत्तरे

मागील अंकात ठाण्याच्या नौपाड्यातून चालणाऱ्या आमच्या लहान साहित्यप्रकाशनाच्या या वर्षीच्या कामाविषयी एक टिपण आले होते. एक जुना कवितासंग्रह पुन्हा येत आहे, दोन नव्या लेखकांची पहिली पुस्तके छापखान्यात आहेत आणि पुस्तकांचा साठा कोलशेतहून वागळे इस्टेटमधील एका कोरड्या गाळ्यात हलवला आहे, एवढाच त्याचा मजकूर होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही संपादकांनी उत्तरासाठी माझ्याकडे पाठवली. पत्रे मोठी होती. त्यांचा गाभा ठेवून ती येथे थोडक्यात दिली आहेत. विचारलेल्या गोष्टी वेगवेगळ्या असल्या, तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच तक्रार आहे: हवे असलेले पुस्तक हवे तेव्हा मिळत नाही. मला ती तक्रार रास्त वाटते. पुस्तक काढले की प्रकाशकाचे निम्मे काम होते. ते पुढे मिळत राहील अशी व्यवस्था ठेवणे हे उरलेले निम्मे काम अधिक कष्टाचे आहे, आणि तिथे आम्ही अनेकदा कमी पडलो आहोत.

प्रश्न : पुन्हा येणार म्हणून ज्या कवितासंग्रहाची बातमी आली आहे, तो मी सहा वर्षांपासून मागत आहे. दर वेळी ‘आवृत्ती संपली’ असे उत्तर मिळाले. पुस्तक एकदा संगणकावर तयार झालेले असताना तीच फाइल छापखान्यात देऊन पुन्हा छापायला इतकी वर्षे का लागावीत? (एक वाचक, कळवा)

उत्तर : फाइल होती, पण ती वाचता येत नव्हती. हे पुस्तक २००३ साली निघाले. त्या वेळी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकला जाई ते युनिकोडचे, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरसंकेताचे, नव्हते. त्यांत प्रत्येक मराठी अक्षराचा किंवा अक्षराच्या तुकड्याचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असे, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती गर्दी दिसते. पानांची मांडणी ज्या प्रणालीत केली होती तीही वापरातून गेली. पुस्तक छापणारा छापखाना बंद झाला आणि त्याच्याकडच्या छपाईच्या फिल्म रद्दीत गेल्या. आमच्या हाती उरली ती एक ओरखडे पडलेली सीडी.

त्या सीडीवरील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही रूपांतर करणारे साधन वापरून पाहिले. त्याने नव्वद टक्के काम केल्यासारखे दिसले, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, कारण ती डोळ्यांना डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट होते. या अदलाबदलीत अक्षरे जागा सोडतात, आणि ज्या चुका ओबडधोबड असतात त्या लगेच सापडतात. न सापडणारी चूक वेगळी असते. कवी सह्याद्रीच्या पायथ्याचा, त्यामुळे संग्रहात ‘दऱ्या’ हा शब्द अनेक ठिकाणी आहे. रूपांतरात त्यातील काही ठिकाणी ‘दर्या’ झाला. दोन्ही शब्द मराठीत आहेत, दोन्ही शुद्ध आहेत, दोन्ही कवितेत शोभतात. डोंगरांच्या मधल्या खोल जागेचा समुद्र झाला तरी शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही, आणि थकलेल्या मुद्रितशोधकालाही दिसत नाही.

ही चूक डोळ्यांनी पकडली नाही, कानाने पकडली. एका संध्याकाळी आमच्या सहकारी मोठ्याने वाचत होत्या आणि मी मुद्रितावर बोट ठेवून होते. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो आणि शब्दाच्या चार मात्रा होतात, ‘दऱ्या’ म्हणताना आघात येत नाही आणि मात्रा तीनच राहतात. कविता मात्रावृत्तात होती. ओळ अडखळली, त्या थांबल्या, आणि दोघींनी मूळ पुस्तकाच्या आमच्याकडील सदोष प्रतीत पाहिले. त्यानंतर रूपांतरित मजकूर बाजूला ठेवून संपूर्ण संग्रह नव्याने टंकायचा निर्णय घेतला. त्यासाठी लागणारी निर्दोष प्रत आमच्याकडे नव्हती. ती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालेल्या या संस्थेने एका लहान प्रकाशनाचे पुस्तक जपून ठेवले नसते, तर ही दुसरी आवृत्ती निघालीच नसती.

टंकन पूर्ण झाले आहे, दोन वाचने झाली आहेत, तिसरे चालू आहे. उशिराबद्दल मी आपली क्षमा मागते. आपले नाव मागणीच्या वहीत सर्वांत वर आहे.

प्रश्न : आपण प्रत्येक पुस्तकाच्या फक्त ३०० प्रती काढता असे वाचले. एवढ्या थोड्या प्रती काढायच्या आणि मग पुस्तक संपले म्हणायचे, यात वाचकाचे काय हित आहे? (एक ग्रंथपाल, वाशी)

उत्तर : आपण ग्रंथपाल आहात, त्यामुळे हिशेबाची बाजू सरळ सांगते. ऑफसेट छपाईत प्लेट तयार करण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च पहिल्या प्रतीलाच होऊन जातो. प्रती वाढतील तसा तो वाटला जातो. म्हणून १००० प्रती छापल्या की प्रत स्वस्त पडते, आणि पूर्वी आम्हीही १००० छापत होतो. परंतु नव्या कवीच्या किंवा अनुवादित कथांच्या पुस्तकाच्या १००० प्रती दोन वर्षांत जात नाहीत. उरलेले गठ्ठे कुठेतरी ठेवावे लागतात. कोलशेतच्या जागेत एका पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या गठ्ठ्यांना ओल लागली आणि सर्वांत खालच्या थरातील प्रती आम्हाला विकता येईनात. ज्या प्रतींमुळे पुस्तक स्वस्त पडले असे आम्ही समजत होतो, त्याच प्रतींनी पुढच्या पुस्तकाचे पैसे अडकवून ठेवले होते.

म्हणून आता पहिल्या वेळी ३०० प्रती काढतो, आणि साठा ४० प्रतींपर्यंत उतरला की डिजिटल छपाईवर आणखी १०० काढतो. डिजिटल छपाईत प्लेट नसते, त्यामुळे १०० प्रतींचा आणि ३०० प्रतींचा दर प्रतीमागे फारसा बदलत नाही. त्या प्रतीत आमचा फायदा जवळजवळ उरत नाही, तरीही ती काढायची असे ठरवले आहे. ‘आवृत्ती संपली’ हा शेरा गेल्या दोन वर्षांत काढलेल्या एकाही पुस्तकावर लागलेला नाही. जुन्या पुस्तकांवर तो आहे, आणि एकेक करून तो पुसण्याचे काम वर सांगितलेल्या कवितासंग्रहापासून सुरू झाले आहे.

थोड्या प्रतींची प्रकाशने मराठीत नवी नाहीत. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या आणि २००३ साली ‘भिजकी वही’ काढली. या दुसऱ्या संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मधल्या सव्वीस वर्षांत कवी आणि प्रकाशक दोघांनीही घाई केली नाही. ग्रंथालीने १९७४ पासून दुसरी वाट घेतली: वाचकालाच सभासद करून घ्यायचे आणि पुस्तक त्याच्यापर्यंत थेट न्यायचे. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ ग्रंथालीनेच वाचकांसमोर आणले. आमच्या मागणीच्या वहीची कल्पना याच वाटेवरची आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्या वहीत शंभर नावे असली, तर कागदाचे पैसे निघतात आणि रात्री झोप लागते.

प्रश्न : १६० पानांच्या पुस्तकाला ३०० रुपये किंमत जास्त वाटते. पुस्तकांवर जीएसटी नसतानाही एवढी किंमत का? आणि प्रदर्शनात इतर प्रकाशक ४० टक्के सवलत देतात तेव्हा आपण २० टक्क्यांवर का थांबता? (एक निवृत्त शिक्षक, चरई)

उत्तर : आपण विचारलेल्या पुस्तकाचाच हिशेब मांडते. ३०० रुपयांपैकी १२० रुपये, म्हणजे ४० टक्के, वितरक आणि विक्रेता यांच्याकडे जातात. लेखकाचे मानधन १० टक्के, म्हणजे ३० रुपये. कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ७५ रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि मांडणी यांचा खर्च ३०० प्रतींवर वाटला तर प्रतीमागे सुमारे ४० रुपये. हे सर्व मिळून २६५ रुपये होतात. उरलेल्या ३५ रुपयांत परीक्षणासाठी पाठवायच्या प्रती, गाळ्याचे भाडे आणि विक्रीविना राहिलेल्या प्रतींचा तोटा भागवायचा असतो.

जीएसटीविषयी आपला समज अर्धा बरोबर आहे. छापील पुस्तकावर कर शून्य आहे. मात्र कागद घेताना आणि छपाई करून घेताना प्रकाशक कर भरतो, आणि विक्रीवर कर नसल्यामुळे तो भरलेला कर त्याला वळता करून घेता येत नाही. तो किमतीतच मिसळतो. पावतीवर शून्य दिसले तरी प्रतीत कर असतोच.

थेट आमच्याकडून पुस्तक घेतले तर वितरणाचे १२० रुपये वाचतात. त्यातले ६० आम्ही वाचकाला देतो आणि ६० पुढच्या फेरछपाईसाठी बाजूला ठेवतो. ४० टक्के सवलत द्यायची तर छापील किंमतच आधी ४०० करावी लागेल. ते मला पटत नाही. शिवाय ज्या पुस्तकविक्रेत्याने आमचे पुस्तक वर्षभर फळीवर ठेवले, त्याच्याच गल्लीत प्रदर्शन भरवून आपण त्याच्यापेक्षा स्वस्त विकावे, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत मराठी साहित्याची पुस्तके मनापासून ठेवणारी दुकाने मोजकी उरली आहेत. ती टिकली पाहिजेत.

प्रश्न : आपल्याकडून मागवलेल्या कादंबरीत ८० व्या पानानंतर पुन्हा ६५ वे पान येते आणि मधली पाने नाहीतच. मी आधी माझ्या वाचण्याची चूक समजत होते. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : चूक सर्वस्वी आमची आहे. नवी प्रत आपल्याकडे पाठवली आहे; सदोष प्रत परत करण्याची आवश्यकता नाही.

असे का घडले ते सांगते, कारण पुढे कोणालाही अशी प्रत मिळाली तर तिने किंवा त्याने स्वतःवर शंका घेऊ नये. पुस्तक सुटी पाने जोडून तयार होत नाही. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या पुस्तकात एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पाने छापली जातात, आणि त्या घडी घातलेल्या कागदाला फॉर्म म्हणतात. छापलेला कागद उलगडून पाहिला तर शेजारी आलेल्या पानांच्या क्रमांकांची बेरीज पहिल्या फॉर्ममध्ये नेहमी १७ येते: १ शेजारी १६, ८ शेजारी ९. पाचव्या फॉर्ममध्ये पान ६५ ते ८० असतात, सहाव्यात ८१ ते ९६. आपल्या प्रतीत पाचवा फॉर्म दोनदा लागला आणि सहावा सुटला, म्हणून दुसऱ्यांदा ८० आल्यावर पुढे थेट ९७ वे पान येत असेल.

हे टाळण्याचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक फॉर्मच्या घडीच्या पाठीवर एक काळी खूण छापतात, आणि ती दर फॉर्मला थोडी खाली सरकवतात. सर्व फॉर्म क्रमाने लावून पाठीकडून पाहिले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एका तिरक्या रेषेत उतरताना दिसतात. एक फॉर्म दोनदा लागला तर दोन पायऱ्या एकाच उंचीवर येतात, आणि सुटलेल्या फॉर्मच्या जागी रेषेत खंड पडतो. लांबूनही ते कळते. या वेळी मांडणी करताना त्या खुणा आमच्याकडूनच राहून गेल्या होत्या. बांधणी करणाऱ्या कारागिराकडे पाहण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. उरलेल्या सर्व प्रती आम्ही चौघांनी बसून पानागणिक तपासल्या. आणखी अकरा प्रती तशाच निघाल्या. त्याआधी विकल्या गेलेल्या प्रतींपैकी ज्यांच्याकडे अशी प्रत असेल, त्यांनी केवळ कळवावे. बदली प्रत पाठवू.

प्रश्न : सांगलीला राहणाऱ्या भावाला आपली पुस्तके नियमित पाठवते. टपालखर्च कधी फार वाढला, कधी कमी झाला. नेमका नियम काय आहे? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : पुस्तकांसाठी टपाल खात्याची जी जुनी सवलतीची सेवा होती ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि त्यानंतरचे काही महिने सर्वच लहान प्रकाशनांना पार्सलच्या दराने पुस्तके पाठवावी लागली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली. तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि मग टप्प्याटप्प्याने वाढत ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर ठरला, त्यावर कर वेगळा. पाकीट भूमार्गाने जाते, त्यामुळे दिवस जास्त लागतात. मात्र त्याचा प्रवास पाहता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशक यांचे नाव असणे आवश्यक आहे आणि आत जाहिरातीचे साहित्य चालत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, त्यामुळे पुस्तके नोंदणीने पाठवण्याचा मार्गही बदलला.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचे डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक मुखपृष्ठासह सुमारे १९० ग्रॅम भरते, म्हणजे वेष्टनासह ते पहिल्या टप्प्यात आरामात बसते. २५६ पानांचे पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅम ओलांडते. भावाला एकच जाड पुस्तक पाठवायचे असेल तर त्यासोबत दुसरे एखादे पातळ पुस्तकही घालावे. दर टप्प्याने वाढतो, त्यामुळे पुढच्या टप्प्यातील मोकळे वजन फुकट जाऊ देऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलीचा पहिला कथासंग्रह काढण्यासाठी एका ठिकाणी मोठी रक्कम मागितली, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे, पैसे वेगळे दाखवले आहेत. आपण किती घेता? (एक पालक, घणसोली)

उत्तर : आम्ही लेखकाकडून पैसे घेत नाही. ज्या पुस्तकावर आमचा विश्वास आहे त्याचा खर्च आम्ही करायचा, आणि ज्यावर नाही ते नम्रपणे परत करायचे, एवढाच आमचा नियम आहे. त्यामुळे आम्ही वर्षाला चार-पाचच पुस्तके काढू शकतो आणि पुष्कळ चांगल्या लेखनाला नकार द्यावा लागतो. तो नकार लिहिताना दर वेळी वाईट वाटते.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीही नाही; मराठीत अनेक महत्त्वाच्या लेखकांनी तसे केले आहे. मात्र मग तो व्यवहार स्वच्छ असावा. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावानेही त्यासाठी अर्ज करू शकतो. त्या क्रमांकाचे शुल्क म्हणून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. पैसे देण्यापूर्वी करारात किती प्रती छापणार, त्यातल्या किती मुलीच्या हाती येणार, न विकलेल्या प्रती कोणाच्या, पानांची आणि मुखपृष्ठाची अंतिम फाइल कोणाकडे राहणार, हे लिहून घ्यावे. फाइलचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वाचता येईल अशी फाइल हाती नसली की दुसरी आवृत्ती काढताना सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पहिल्या उत्तरात सांगितलेली आमची सहा वर्षे त्यातच गेली.

मुलीने घाई करू नये, असे एक थोरली वाचक म्हणून सुचवते. दोन-तीन कथा आधी दिवाळी अंकांकडे पाठवाव्यात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून मराठी कथाकाराला पहिला अनोळखी वाचक बहुधा तिथेच भेटत आला आहे.

प्रश्न : आजोबांची १९६८ साली निघालेली कादंबरी आम्हाला पुन्हा काढायची आहे. प्रकाशक केव्हाच बंद झाला. आजोबा १९८७ मध्ये वारले. हक्क कोणाकडे आहेत? काहीजण म्हणतात की पाच वर्षांनी हक्क आपोआप परत येतात. (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे लेखनहक्क टिकतो. आजोबा १९८७ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी १९८८ पासून मोजून २०४७ च्या अखेरपर्यंत ही कादंबरी हक्कांनी संरक्षित आहे.

पाच वर्षांचा नियम खरा आहे, पण तो आपल्याला लागू होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, अशी तरतूद १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली, आणि त्या दुरुस्तीपूर्वीच्या हस्तांतरांना ती लागू नाही असे कायद्यातच म्हटले आहे. आपल्या बाबतीत निर्णायक गोष्ट निराळी आहे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, ही अट मूळ कायद्यापासून आहे. म्हणून आधी घरातील जुनी कागदपत्रे पाहावीत. त्या काळी पुष्कळ व्यवहार तोंडी होत किंवा एका आवृत्तीपुरत्या पत्रावर होत. संपूर्ण हक्क दिल्याचा सहीचा कागद कोणाकडेही नसेल, तर हक्क आजोबांकडेच राहिले आणि त्यांच्या वारसांकडे आले असे सर्वसाधारणपणे धरता येते. असा कागद सापडला, तर मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल.

त्यानंतर सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. परदेशात असलेल्या आत्या किंवा बोलणे बंद असलेले काका वगळून काढलेले पुस्तक पुढे अडचणीत आलेले मी पाहिले आहे. पुस्तकाच्या निमित्ताने एखादे घर पुन्हा बोलू लागलेलेही पाहिले आहे.

प्रश्न : आपल्या पुस्तकांचे प्रकाशन समारंभ का होत नाहीत? (एक वाचक, वर्तकनगर)

उत्तर : सभागृहाचे भाडे आणि त्या दिवसाचा इतर खर्च यांत एका पुस्तकाच्या १०० प्रतींची फेरछपाई होते, म्हणून. त्याऐवजी घंटाळी परिसरातील एका शाळेच्या वर्गात आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचन ठेवतो. लेखक अर्धा तास वाचतो, उरलेला वेळ ऐकणाऱ्यांचा. येत्या वाचनात पुन्हा येणाऱ्या कवितासंग्रहाची मुद्रिते श्रोत्यांच्या हाती देणार आहोत; डोळ्यांतून सुटलेली एखादी चूक तिथे तीस जणांच्या कानांना सापडेल, अशी आशा आहे.

प्रश्न : घर आवरताना आपल्या प्रकाशनाचे १९९४ चे एक छोटे ललितगद्याचे पुस्तक सापडले. पाने पिवळी पडली आहेत, वडिलांनी समासात पेन्सिलीने टिपणे केली आहेत. त्याचा आपल्याला काही उपयोग आहे का, की वाचनालयाला देऊ? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : कृपया ते कोणालाही देऊ नये. त्या पुस्तकाची एकही प्रत आमच्याकडे नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवाव्या लागतात. ते आमचे पहिल्या वर्षांतील पुस्तक होते. आम्हाला हा नियम ठाऊक नव्हता आणि आम्ही त्या पाठवल्या नाहीत. आज आम्ही त्या नेमाने पाठवतो, पण त्या एका पुस्तकापुरते आपले घर हेच आमचे ग्रंथालय ठरले आहे.

आपली प्रत आम्ही आपल्या समोरच पानागणिक छायाचित्रांत टिपून घेऊ आणि त्याच दिवशी परत करू. कणा उलगडावा लागणार नाही. वडिलांची टिपणे पुसू नयेत. फक्त एक गोष्ट आजच पाहून ठेवावी. त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढे एक शुद्धिपत्र डिंकाने चिकटवलेले असायचे. ते मी स्वतः ५०० प्रतींत चिकटवले होते, आणि त्यातल्या नऊ दुरुस्त्यांपैकी मला आता चारच आठवतात. ते अजून जागेवर असेल, तर पुस्तक आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, जुन्या सुती कापडात गुंडाळून आणावे.